बूवे बेटासाठी आयसी-७३०० : इंदूरच्या गच्चीवरून कस

आयकॉमचा आयसी-७३०० रेडिओ घ्यावा का, हे विचारणाऱ्या नव्या हॅमच्या (हौशी रेडिओवाल्याच्या) मनात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: याच्यावर दूरची, दुर्मिळ ठिकाणं मिळतील का? भोपाळ-पुणे तर कुठल्याही रेडिओवर मिळतं. म्हणून या रेडिओचा कस इथे सगळ्यात अवघड ठिकाणांपैकी एकावर लावला आहे, तो म्हणजे दक्षिण अटलांटिकमधलं बूवे बेट. निकाल आधीच सांगून टाकतो. रेडिओ या कामाला पुरेसा आहे, याहून महाग घेण्याची गरज नाही. पण गच्चीवरची तार आणि घरातला गोंगाट याकडे तेवढंच लक्ष दिलं नाही, तर लाखाच्या वरची ही रक्कम टेबलावर पडून राहील.

बेट का अवघड, ते कळलं की रेडिओकडून काय मागायचं तेही कळतं. बूवे साधारण ४९ चौरस किलोमीटरचं, ज्वालामुखीतून तयार झालेलं, आणि त्याचा ९३ टक्के भाग हिमनदीखाली. सर्वात उंच टोक ओलावटॉपेन, ७८० मीटर. वस्ती नाही, बंदर नाही, चहूबाजूंना बर्फाचे आणि खडकाचे कडे थेट समुद्रात उतरतात. दक्षिणेला अंटार्क्टिकाचा किनारा सुमारे १,७०० किलोमीटर. आपलं मैत्री हे संशोधन स्थानक तिथल्याच क्वीन मॉड लँड भागात, बूवेपासून साधारण १,८५० किलोमीटरवर आहे. फ्रेंच दर्यावर्दी बूवे द लोझिए याने १ जानेवारी १७३९ रोजी हे बेट पाहिलं, पण तो उतरू शकला नाही. नॉर्वेच्या 'नॉर्वेजिया' मोहिमेची माणसं १९२७च्या डिसेंबरात तिथे उतरली आणि १९३० पासून ते नॉर्वेच्या अखत्यारीत आहे. १९७१ पासून ते संरक्षित निसर्गक्षेत्र असल्याने उतरायला नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेची परवानगी लागते. हॅमच्या जगात मान्य असलेल्या ३४० ठिकाणांत बूवे स्वतंत्र धरलं जातं, त्याच्या कॉलसाइनची (स्टेशनच्या ओळखनावाची) सुरुवात '३वाय' अशी, आणि लोकांना हव्या असलेल्या ठिकाणांच्या यादीत ते वर्षानुवर्षं उत्तर कोरियाच्या खालोखाल दुसरं होतं.

२०१८ साली ३वाय०झेड नावाची हॅम मोहीम बेट डोळ्यांना दिसेल इतकी जवळ गेली. हवामान खवळलं, जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला आणि हेलिकॉप्टर सोबत असूनही कोणी न उतरता सगळे केपटाऊनकडे परत फिरले. २०२३च्या फेब्रुवारीत ३वाय०जे मोहीम आग्नेय टोकाच्या केप फीजवळ उतरली. लाटांमुळे ठरलेलं बरंच सामान किनाऱ्यावर नेताच आलं नाही. तंबू, थोडे जनरेटर, साधे अँटेना एवढ्यावर सुमारे १९ हजार संपर्क झाले. एरवी मोठ्या मोहिमा लाखाच्या घरात जातात. अर्थ असा की बूवेहून येणारा सिग्नल दुबळा असणार, तो थोडेच दिवस असणार, आणि त्याच्यावर सगळं जग एकाच वेळी तुटून पडणार.

भारताच्या दृष्टीने तळ कुठे टाकला यालाही महत्त्व आहे. बूवेहून इंदूर ६३ अंशांवर, म्हणजे ईशान्येपेक्षा थोडं पूर्वेकडे. केप फीहून त्या दिशेला बराचसा उघडा समुद्र आहे. नीरोयसा हा दुसरा उतरण्याजोगा भाग, १९५५ ते १९५८च्या दरम्यान दरड कोसळून तयार झालेला, वायव्येच्या बाजूला आहे आणि तिथून आपल्या दिशेला बेटाचंच अंग आडवं येतं. पुढची मोहीम जाहीर झाली की तळाची जागा आधी पाहून घ्या. नीरोयसा असेल तर आपली बाजू जरा लंगडी धरूनच तयारी करावी.

आता रेडिओ. २०१६ साली आलेला, १०० वॉटचा, ४.२ किलो वजनाचा. अँटेनाचा सिग्नल थेट अंकीय करणारी रचना, १५ बँडपास फिल्टर, ४.३ इंचांचा स्पर्शपडदा. या कामासाठी त्यातली सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे तो पडदा, आणि त्यावर वाहणारा वॉटरफॉल, म्हणजे आसपासच्या सगळ्या सिग्नलांचं चित्र. कारण बूवेसारखं स्टेशन स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतच नाही. ते बोलतं एका जागी आणि ऐकतं वरती, फोनवर (म्हणजे आवाजाने बोलताना) ५ ते १० किलोहर्ट्झ, मोर्सवर १ ते ५. स्प्लिट बटण एक सेकंद दाबून धरलं की हा रेडिओ दुसरा व्हीएफओ (पाठवायची वेगळी फ्रिक्वेन्सी) लगेच तयार करतो. पडद्याचा आवाका १० किलोहर्ट्झवर आणा. बूवेने कोणाला '५९' (सिग्नल छान, असा शेरा) दिलं की त्याच क्षणी पाइल-अपच्या, म्हणजे एकदम हाका मारणाऱ्यांच्या, गर्दीत एक रेघ एकटी उजळते, ते त्या माणसाचं उत्तर. एक्सएफसी बटण दाबून आपल्या पाठवायच्या फ्रिक्वेन्सीवर ऐका, तोच आहे याची खात्री करा. पुढच्या वेळी ऑपरेटर थोडा वर सरकतोय की खाली, हे तीन-चार उत्तरांत कळतं. मग त्याच्या वाटेत, एक किलोहर्ट्झ पुढे जाऊन थांबायचं. पडदा नसलेल्या जुन्या रेडिओवर हेच काम कानाने आणि नशिबाने करावं लागे. १०० वॉटच्या माणसाला ५०० वॉटवाल्यांच्या गर्दीत जागा मिळते ती एवढ्यामुळेच.

उणीवही इथेच आहे. रिसीव्हर एकच. बूवे आणि पाइल-अप दोन्ही एकाच वेळी दोन कानांत ऐकता येत नाहीत, एक्सएफसी दाबलं की बूवेचा आवाज तेवढ्यापुरता जातो. नेमकं त्याच क्षणी तुमचं नाव घेतलं गेलं तर गेलं. म्हणून बूवे बोलत असताना ते बटण दाबायचं नाही, तो थांबला की मगच. दोन रिसीव्हरचे रेडिओ बरेच महाग आहेत, आणि आमच्या मते तो जादा पैसा तारेवर आणि खांबावर खर्च केलेला बरा.

पाठीमागे अँटेनाचं सॉकेटही एकच आहे. दोन बँडच्या दोन तारा असतील तर हाताने फिरवायचा कोॲक्स (अँटेनाची जाळीदार केबल) स्विच घ्यावाच लागतो. तार रेडिओशी जुळवणारा आतला ट्यूनर १६.७ ते १५० ओहमपर्यंतच सांभाळतो, म्हणजे एसडब्ल्यूआर (तार रेडिओशी किती जुळत नाही, त्याचं माप) ३ पर्यंत. "ट्यूनर आहे ना, कसलीही तार चालेल" असं दुकानदार म्हणाला तरी ते खरं मानू नका.

आजकालच्या मोहिमांत बरीच भिस्त एफटी८वर (संगणकाने चालणारी, दुबळ्या सिग्नलसाठीची पद्धत) असते, तेव्हा तो जोड नीट बसवणं आवश्यक. एकच यूएसबी केबल पुरते. पण आधी लॅपटॉपवर सिलिकॉन लॅब्जचा सीपी२१०एक्स ड्रायव्हर टाकायचा आणि मगच केबल लावायची. उलट केलं तर विंडोज भलताच ड्रायव्हर पकडतं आणि संध्याकाळ जाते. रेडिओत 'डेटा मॉड' हे 'यूएसबी'वर, सीआय-व्हीचा (रेडिओ-संगणक संवादाचा) वेग ठरवून संगणकावरही तोच, मोड 'यूएसबी-डी' (इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, केबल नव्हे). सर्वात जास्त फसवणारी जागा फिल्टरची आहे: यूएसबी-डीमध्ये एफआयएल१ कारखान्यातून अवघ्या १.२ किलोहर्ट्झचा येतो. वॉटरफॉलवर मधलीच पट्टी दिसते, बाकी काळं, आणि माणूस अँटेनाला दोष देत बसतो. तो ३ किलोहर्ट्झ करा. पाठवताना आवाजाची पातळी एएलसीची (जादा आवाज आवरणाऱ्या व्यवस्थेची) सुई हलणार नाही इथवरच ठेवा, नाहीतर सिग्नल फाटून शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो. शक्ती ५० ते ६० वॉट पुरे. एफटी८मध्ये प्रत्येक १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद पूर्ण ताकदीने प्रक्षेपण चालतं, बोलण्यासारखी मध्ये उसंत नसते. उन्हाळ्यात इंदूरच्या वरच्या मजल्यावर तापमानाची पट्टी बघता बघता चढते.

मोठ्या मोहिमा १४.०७४ मेगाहर्ट्झ या एफटी८च्या नेहमीच्या जागेवर येत नाहीत, त्यांची वेगळी फ्रिक्वेन्सी जाहीर केलेली असते. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या कार्यक्रमात 'हाउंड' मोड (मोहिमेला हाक मारणाऱ्यांसाठीचा) लावायचा आणि हाक १,००० हर्ट्झच्या वर मारायची. उत्तर आलं की कार्यक्रम तुमची जागा आपोआप खाली नेतो. हाताने काही करू नका. घड्याळ एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. काही मोहिमा 'सुपरफॉक्स' ही नवी पद्धत वापरतात, तिला या कार्यक्रमाची २.७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. जुनी असेल तर बूवे स्पष्ट ऐकू येऊनही पडद्यावर एक अक्षर उमटणार नाही. मोहिमेच्या आदल्या रात्री नाही, महिनाभर आधी हे सगळं चालवून पाहा.

पण खरं काम गच्चीवर आहे. इंदूरहून बूवे सुमारे ११,००० किलोमीटर, दिशा २१४ अंश. हा मार्ग अरबी समुद्रावरून निघतो, मादागास्करवर निम्मा होतो आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक उजवीकडे ठेवून खाली उतरतो. आडवी डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन बाजूंची तार) तिच्या अंगाच्या काटकोनात जास्त जोर लावते, म्हणून तार वायव्य-आग्नेय ताणायची, १२४ आणि ३०४ अंशांवर. इंदुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एखाद्या अंशाचाच आहे, तेव्हा मोबाइलचं होकायंत्र चालेल. फक्त ते लोखंडी टाकीच्या आणि कठड्याच्या सळ्यांच्या जवळ धरू नका.

लांबीचं गणित सोपं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. १४.१ साठी एकूण १०.१४ मीटर, २१.१ साठी ६.७८. महाराणी रोडवर मिळणारी घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार उत्तम चालते, पण तिच्यावरच्या प्लास्टिकमुळे रेझोनन्स (तार आपसूक जुळते ती फ्रिक्वेन्सी) दोन ते चार टक्के खाली येतो. सुरुवातीला प्रत्येक बाजू सव्वापाच मीटर कापा, टोकं दुमडून पीळ द्या, मोजा, मग कमी करा. १४ मेगाहर्ट्झवर दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर कमी केलं की रेझोनन्स साधारण १४० किलोहर्ट्झ वर सरकतो. हा आकडा लक्षात असला की अंदाजे कापाकापी करावी लागत नाही.

उंचीशी तडजोड करू नका. इतक्या लांबच्या मार्गाला सिग्नल क्षितिजालगत निघायला हवा. जमिनीपासून १० मीटरवर ताणलेली २० मीटर बँडची (म्हणजे १४ मेगाहर्ट्झची) डायपोल सर्वाधिक जोर ३२ अंशांवर लावते, १५ मीटरवर २१ अंश. त्याच १५ मीटर उंचीवर २१ मेगाहर्ट्झची डायपोल १४ अंशांवर येते. सुदामा नगर किंवा लोकमान्य नगरच्या तिमजली घरावर पाच मीटरचा जीआय पाइप उभा केला की हे साधतं (स्लॅबमधल्या सळ्यांमुळे उंची थोडी कमी धरावी). पाइप, पुली, ताणाच्या दोऱ्या हे सगळं सियागंजात मिळतं. दोरी नायलॉनची नको, मे महिन्याच्या उन्हात ती दोन वर्षांत भुगा होते. उन्हाला टिकणारी पॉलिस्टरची घ्या. जागा एकाच तारेपुरती असेल तर सध्या आमची पसंती २१ मेगाहर्ट्झला. बाजारात ४९:१ ट्रान्सफॉर्मरची तयार एंड-फेड तारही मिळते, साधारण २० मीटरची, चार बँड एकदम. सोय मोठी आहे. पण वरच्या बँडवर तिचा जोर अनेक पाकळ्यांत वाटला जातो, २१४ अंशांवर पाकळी येते की खळगा हे तारेच्या दिशेवर ठरतं, आणि घरातला गोंगाट ती कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून थेट आत आणते.

कोॲक्सवर काटकसर करणारे जास्तीत जास्त सिग्नल इथे गमावतात. आरजी-५८ या पातळ कोॲक्सच्या ३० मीटरमध्ये १४ मेगाहर्ट्झला दीड डेसिबलहून जास्त जातं, २८ ला अडीचच्या आसपास. आरजी-२१३ मध्ये याच्या निम्म्याहून कमी. डिश टीव्हीची आरजी-६ केबल ७५ ओहमची असली तरी डायपोलला छान जुळते आणि तोटा आरजी-५८ पेक्षा कमी. मात्र आतली तार तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे चुंबक लावून बघूनच घ्या. वरच्या जोडाला स्वयंचिकट रबरी पट्टी आणि तिच्यावर काळी टेप. पावसाळ्यात पाणी एकदा जाळीत शिरलं की केशनलीसारखं मीटरभर आत चढतं, आणि मग टोक कापून भागत नाही. फीड पॉइंटवर (तारेला केबल जोडते तिथे) जाळीवरचा गोंगाट अडवणारा चोक हवाच: ३१ मिक्सच्या एफटी२४० फेराइट कड्यावर आरजी-५८ चे १२ वेढे.

गोंगाटाची तपासणी अशी करा. रेडिओ १२.८ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) एस७ वरून एस३ ला आला, तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. बहुतेकदा स्वस्त एलईडी ड्रायव्हर, इन्व्हर्टरचा चार्जर, राउटरचा ॲडाप्टर, आणि हल्ली छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर. सोलरचा त्रास सूर्यास्ताला आपोआप थांबतो, त्यावरून तो ओळखता येतो. साध्या इन्व्हर्टर बॅटरीवर रेडिओ ऐकायला ठीक, पण पाठवताना तो २१ अँपिअरपर्यंत ओढतो, व्होल्टेज ११.७ च्या खाली गेलं की ते रेडिओच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर. एलईडी पट्ट्यांसाठी विकला जाणारा १२ व्होल्ट ३० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) १३.८ पर्यंत वाढवता येतो आणि स्वस्तही पडतो. पण त्याची शिट्टी दर काही किलोहर्ट्झवर वॉटरफॉलमध्ये उभी राहते. बूवेचा सिग्नल एस२ चा असणार. तिथे ही शिट्टी परवडत नाही.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल एक गोष्ट. ओली असताना ती अर्थिंगला फार चांगली, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि पाइपपासून सुटते, नेमकं जूनच्या पहिल्या विजांच्या आधी. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला बादलीभर पाणी घाला, आणि ढग गडगडले की कोॲक्स काढून खिडकीबाहेर ठेवा. दुसरं संकट हिवाळ्यातलं. बूवेला माणसं जातात तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि मध्येच आपली संक्रांत येते. पतंगाचा मांजा पातळ तारेला गुंडाळला आणि कोणी खालून ओढला की तार तुटते किंवा पुली निखळते. १३ ते १५ जानेवारी तार खाली उतरवून ठेवा, १६ ला पुन्हा चढवून एसडब्ल्यूआर मोजा.

वेळा फेब्रुवारीच्या मध्याच्या धरू. तेव्हा बूवेला सूर्य आपल्या घड्याळाने सकाळी सव्वादहाला उगवतो आणि रात्री पाऊण वाजता मावळतो. इंदुरात तो सातला उगवून संध्याकाळी सव्वासहाच्या थोडं पुढे मावळतो. दोन्हीकडे उजेड असताना, म्हणजे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत, २४ आणि २१ मेगाहर्ट्झ. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत १८ आणि १४. पाऊणनंतर दोन्हीकडे अंधार, तेव्हा १० आणि ७, आणि ७ ला सर्वांत चांगला काळ आपल्या सूर्योदयाच्या अलीकडचा अर्धा तास. सौरचक्र २५ चा कळस २०२४ मध्ये होऊन गेला. येत्या वर्षांत २८ आणि २४ हळूहळू मिटत जातील, १८ आणि १४ वर भर द्यावा लागेल, तारही त्याप्रमाणे निवडा.

मार्ग उघडा आहे का हे पाहायला बूवेवर माणूस असायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय बीकन साखळीत दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाजवळचं झेडएस६डीएन आहे. इंदूरहून त्याची दिशा २२६ अंश, बूवेच्या रेषेपासून फक्त १२ अंश बाजूला. १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर या साखळीतलं प्रत्येक स्टेशन तीन मिनिटांत एकदा दहा सेकंद बोलतं: आधी मोर्समध्ये नाव, मग १००, १०, १ आणि ०.१ वॉटचे चार लांब सूर. दुसरा सूर ऐकू आला तर तुमची तार आणि घर दोन्ही ठीक. फक्त पहिलाच येत असेल आणि रोजच तसं असेल, तर रेडिओकडे बघू नका, पुन्हा मेन स्विचपाशी जा. बीकन ऐकताना प्रीअँप (सिग्नल वाढवणारा) बंद-चालू करून पाहा. १४ च्या खाली तो बहुतेक वेळा नुसता गोंगाट वाढवतो. पडद्यावर 'ओव्हीएफ' (सिग्नल झेपेना, असा इशारा) चमकलं तर आरएफ गेन कमी करा, मग आयपी प्लस हे बटण.

परवान्याशिवाय रेडिओ घ्यायच्या भानगडीत पडू नका. निर्बंधित श्रेणीला ५० वॉटची मर्यादा आहे, सर्वसाधारण श्रेणीला ४०० ची. पहिलीवाल्यांनी मेनूत शक्ती तेवढी खाली बांधून ठेवावी. वापरलेला घेत असाल तर डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लावून प्रत्येक बँडवर पूर्ण शक्ती मोजा, ट्यूनरचे रिले खटखटतात का ऐका, आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांना स्पर्श करून पाहा.

संपर्क झाला असं वाटलं तरी लगेच जल्लोष नको. दुर्मिळ बेटाच्या नावाने नकली स्टेशनं हवेत येतातच. सकाळी आठला २८ मेगाहर्ट्झवर ठणठणीत बूवे ऐकू आलं, तर तिथे तेव्हा अंधार असतो हे आठवा. मोहिमेचं लॉग नेटवर चढलं की त्यात आपलं कॉलसाइन शोधा. भारतीय कॉलसाइनमधलं व्हीयू२ चं व्हीयू३ झालेलं, शेवटचं अक्षर गळलेलं, असं बरंच सापडतं. नाव नसेल आणि मोहीम अजून चालू असेल, तर त्याच बँडवर पुन्हा गर्दी करण्याआधी दुसरा बँड वापरून पाहा. नाव असेल तर ऑनलाइन क्यूएसएलची (संपर्काच्या पावतीची) मागणी आणि एलओटीडब्ल्यू या ऑनलाइन पडताळणीच्या जागी आपलं लॉग, दोन्ही त्याच आठवड्यात करून टाका.